थंडीतला गळ: ट्राउट नाही, मरळ आहे

ट्राउटला डोंगरातलं थंड, वाहतं पाणी लागतं. इंग्रजांनी तो काश्मीरात आणि निलगिरीत आणून सोडला. निपाणीच्या वेदगंगेत किंवा घटप्रभेवरच्या हिडकल धरणात तो जगायचा नाही. पण त्याला पकडायची ‘फ्लाय’ची कला इथेही चालते. हुकाला पीस आणि दोरा गुंडाळून किडा बनवतात. त्याला वजन जवळपास नसतंच, म्हणून फेकायची ती दोरीच जाड, जड असते. टोकाला मात्र बारीक तंगूस.

आपल्याकडे गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसणारेच जास्त, आणि त्यात कमीपणा काही नाही. थंडीत पाणी निवळतं, माशाला दोरी लांबून दिसते, आणि गारठ्यात तो सुस्तावतो. त्यामुळे पहाटे कुडकुडत बसण्यापेक्षा ऊन चढल्यावर जावं. मरळ हवेत श्वास घ्यायला वर येते. लव्हाळ्याच्या कडेला पाणी फुटलं की आमिष थोडं पुढे टाकून हळू ओढावं. चिलापी तर पिसाच्या किड्यालाही भुलते.

तलाव बहुधा ठेक्यावर दिलेले असतात. गळ टाकण्याआधी ठेकेदाराला विचारा, आणि तुटलेला तंगूस काठावर टाकू नका; गुरांच्या, पाखरांच्या पायात अडकतो.