आठवड्यातून किती दिवस?

गेल्या जूनमध्ये पावसाची झड लागलेली असताना आमच्या पॅरिश हॉलच्या दारात एक आई छत्री मिटत उभ्या राहिल्या. बरोबर अकरा वर्षांचा मुलगा, अंगात नवा कोरा पांढरा ड्रेस, बाह्या बोटांच्याही खाली गेलेल्या. आमच्याकडे कराटेचा क्लास मंगळवार, गुरुवार, शनिवार असा तीन दिवस, संध्याकाळी तासभर असतो. मी तिथे सरांना मदत करते, म्हणजे लहान मुलांची रांग लावणं, वॉर्म-अप घेणं आणि सुटलेले पट्टे पुन्हा पुन्हा बांधून देणं.

त्या म्हणाल्या, "टीचर, तीनच दिवस? तीन दिवसांत काय येतंय हो? ट्यूशन रोज असतंय, मग हे का रोज नको?"

मी म्हटलं, "सरांना विचारून सांगते." खरं तर मला उत्तर माहीत होतं, कारण ते मी माझ्याच गुडघ्यावर शिकले होते. पण दारात उभ्या उभ्या ते सांगता येईना. त्यांना जे नीट सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय. आपल्या मंडळातल्या निम्म्या जणांची धाकटी भावंडं कुठल्या ना कुठल्या क्लासला जातात, आणि काही जण स्वतःच कराटे, ज्युदो, तायक्वांदो असं काहीतरी सुरू करायच्या बेतात आहेत.

आधी गुडघ्याचं सांगते. मी नवव्या वर्षी सुरुवात केली. चौदाव्या वर्षी पुढच्या पट्ट्याची परीक्षा आणि एक स्पर्धा अगदी पाठोपाठ आल्या. तेव्हा मी जात होते त्या दुसऱ्या क्लासने 'स्पेशल बॅच' काढली, आठवड्यातून सहा दिवस आणि रविवारी सकाळी जादा. रविवारी मिस्सा चुकवून जायचं नाही असं ममीने बजावलं होतं, म्हणून मी मिस्सा आटोपून धावत जायचे. तीन आठवड्यांत उजव्या गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, एक टेंगूळ आलं. जिना उतरताना दुखायचं आणि चर्चमध्ये गुडघे टेकताना तर डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे पोरीची!

डॉक्टरांनी नाव सांगितलं, ऑसगुड-श्लॅटर. नाव जर्मन तोफेसारखं असलं तरी प्रकार साधा आहे. वाढीच्या वयात हाडं भराभर लांब होतात, स्नायू आणि त्यांचे दोर मागे राहतात, म्हणून ताणलेले असतात. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या ज्या जागी जोडला जातो, ती जागा त्या वयात पक्कं हाड नसते, कूर्चेची मऊ वाढती जागा असते. प्रत्येक लाथ, प्रत्येक उडी, गुडघा वाकवून धरलेला प्रत्येक पवित्रा तिला थोडा थोडा ओढत राहतो. एखाद दिवस विश्रांती मिळाली तर ती सावरते. रोज ओढलं तर सुजते. टाचेच्या हाडाचंही असंच होतं, आणि अनवाणी खेळणाऱ्या, सारख्या उड्या मारणाऱ्या पोरांना ते जास्त जाणवतं. मोठ्या माणसाचा स्नायू दुखावतो, मुलाचं मात्र हाड जिथे वाढतं ती जागाच दुखावते. म्हणून "आम्ही नाही का रोज करायचो" हे मोठ्यांचं म्हणणं इथे लागू पडत नाही.

मला दीड महिना बसवलं. परीक्षा गेली, स्पर्धाही गेली.

आता आकडे. खेळाच्या दुखापती बघणारे डॉक्टर एक सोपा हिशेब सांगतात. मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्यातून त्याहून जास्त तास शिस्तबद्ध सराव नको. दहा वर्षांच्या मुलाला सगळे खेळ मिळून दहा तास. ही वरची मर्यादा आहे, तिथवर पोचायलाच हवं असं नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, त्यात आणखी सांगते की एकाच खेळापासून आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवी आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने तो खेळ बाजूला ठेवावा. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल इतकी हालचाल करावी. वरवर दोन्ही एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तसं नाही. हालचाल रोज हवी, तीच हालचाल रोज नको. लाथा मंगळवारी मारा, बुधवारी सायकल चालवा, गल्लीत लपाछपी खेळा.

माझ्या अनुभवात सहा-सात वर्षांच्या मुलांना दोन दिवस पुरे होतात, तेही पाऊण तासाचे. त्यांना पडायला शिकवावं, तोल सांभाळायला शिकवावं, आणि मनसोक्त ओरडू द्यावं. आठ ते बारा वयाला दोन किंवा तीन. तेरानंतर, स्पर्धेची आवड असेल तर चार, पण त्यातले दोनच दिवस जोराचे. आठवड्यातून एकच दिवस आला तर? काहीच न करण्यापेक्षा बरं. पण दर वेळी अर्धा तास मागचं आठवण्यात जातो, आणि मुलाला वाटायला लागतं की आपल्याला हे जमतच नाही. मग ते येणंच बंद करतं.

इथे कुणीतरी तालमीचं उदाहरण देणारच. आपण बेळगावात राहतो, कुस्ती इथल्या मातीतली. कोल्हापूर तर दोन-अडीच तासांवर. पैलवान पहाटे उठून जोर-बैठका काढतो, हौद्यात उतरून लढतो, संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि हे रोज. मग कराटेवाल्या पोरांचे एवढे लाड कशाला?

बरोबर आहे, पण त्या पैलवानाचा बाकीचा दिवस बघा. सकाळच्या मेहनतीनंतर दूध, बदामाची थंडाई, पोटभर खुराक. मग दुपारची गाढ झोप. अंगाला मालिश. वस्तादांचं बारीक लक्ष, कोणाचा खांदा धरलाय, कोणाला आज लढवायचं नाही. म्हणजे तालमीत विश्रांती नाही असं नाही, दिवसाच्या मध्यभागी तिला तिची जागा दिलेली आहे. आपल्या सातवीतल्या पोराचा दिवस कसा? सकाळी शाळा, मग ट्यूशन, मग क्लास, रात्री गृहपाठ, अकराला मोबाइल. त्याने तालमीतली मेहनत तेवढी उचलायची आणि झोप उचलायची नाही, हा कुठला न्याय? तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते. ती मिळत नसेल तर मी तरी सरावाचा एक दिवस कमी करायला सांगेन.

आणि मातीतल्या माणसालाही वर्षं द्यावी लागतात. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. आपण मात्र बाराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मागतो.

या पट्ट्यांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण किती दिवस यायचं हे बऱ्याचदा तेच ठरवतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, आणि काळ्या पट्ट्याची चाल तिथून आली. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला गेले, तिथे त्यांनी कराटेसाठी ज्युदोवरूनच पांढरा ड्रेस आणि पट्टा घेतला. कल्पना छान होती. शिकणाऱ्याला आपण कुठवर आलोय ते कळतं. पण आज काही ठिकाणी दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, आणि परीक्षेआधी रोजची बॅच, तिची वेगळी फी. अशा ठिकाणी "किती दिवस पाठवू?" याचं उत्तर मुलाच्या गुडघ्याकडे बघून दिलं जात नाही.

शिकण्याच्या बाजूनेही मधला दिवस फुकट जात नाही. सहा तास सलग दोन दिवसांत घालण्यापेक्षा तेच सहा तास दोन आठवड्यांत पसरले तर हालचाल जास्त पक्की बसते, आणि त्या बसण्यातला मोठा भाग झोपेत होतो. कविता पाठ करणाऱ्यांना हे माहीतच आहे. रात्री अडखळणारी ओळ सकाळी आपोआप येते. काता म्हणजे तरी काय, हातापायांनी पाठ केलेली कविताच.

सगळेच दिवस सारखे नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं. कातेचा दिवस हलका. प्रत्यक्ष समोरासमोर लढायचा दिवस जड, तो आठवड्यातून एक, फार तर दोन. डोक्याला मार लागून चक्कर आली, मळमळलं, मूल गोंधळलं, तर त्या दिवशी परत उभं करायचं नाही आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत लढतीत घ्यायचं नाही. स्पर्धेच्या वजनगटासाठी मुलांना उपाशी ठेवणं तर सरळ बंद करायला हवं. यावर वाद नकोच.

आपल्यासारख्या अठरा-एकवीसच्या लोकांचं काय? हाडं आपली बहुतेक पक्की झालेली असतात, पण बसून बसून अंग आखडलेलं असतं. दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा, असं सहा महिने करा. परीक्षेच्या महिन्यात एक दिवस करा, पण सोडू नका. कॉलेजाकॉलेजांत महिला दिनाला तीन तासांचं स्वसंरक्षणाचं शिबिर होतं, त्यात मीही मनगट सोडवायची युक्ती शिकवलीय. टाळ्या पडतात, फोटो निघतात. चार महिन्यांनी त्यातल्याच एका मैत्रिणीचं मनगट मी कँटीनमध्ये सहज पकडलं, तर ती हसली आणि म्हणाली, "अगं, अंगठ्याच्या बाजूने ना?" डोक्यात होतं, हातात नव्हतं. सहा दिवसांची बॅच जशी चूक, तशी वर्षातून एकदाची हौसही चूक. निदान तिच्या भरवशावर मुलींना "आता तुम्ही सुरक्षित" असं सांगू नये.

आता कबुली. हे सगळं माहीत असून गेल्या वर्षी मीच चुकले. स्पर्धा जवळ आली होती, सर गावाला गेले होते आणि आठ-दहा मुलं माझ्या हाती होती. मी म्हटलं, रोज या. आली बिचारी. त्यात एक तेरा वर्षांची मुलगी होती, लाथ इतकी स्वच्छ की बघत राहावं. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "ताई, पाय जड झालेत." मी म्हटलं, "जड होऊ देत, स्पर्धेनंतर आराम कर." मला कुणीतरी म्हटलेलं वाक्य माझ्याच तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. स्पर्धेत तिला पदक मिळालं. त्यानंतर ती आली नाही. दिवाळीच्या सुमारास खडे बाजारात आईबरोबर दिसली. मी विचारलं, "येत का नाहीस गं?" ती पायातल्या चपलेकडे बघत म्हणाली, "कंटाळा आला ताई." आई म्हणाली, "आधी तर घरातसुद्धा लाथा मारत फिरायची ही." तिच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. दुखावलेलं जे होतं ते डॉक्टरला दाखवायचं नव्हतं.

त्या जूनमधल्या आईंना मी पुढच्या मंगळवारी उत्तर दिलं. तीनच दिवस, आणि त्यातला एखादा त्याला नको असेल तर दोन. त्यांना ते फारसं पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी मुलगा येत राहिला. हेयान शोदान या पहिल्या कातेत तीन वेळा वर अडवून झाल्यावर मागे पाऊण फेरी वळायचं असतं. एका गुरुवारी ते वळण त्याला काही केल्या येईना, दर वेळी भिंतीकडे तोंड. मी "राहू दे" म्हणून सोडून दिलं. शनिवारी तो कुणी न सांगता बरोबर वळला, आणि वळल्यावर स्वतःच दचकला.

व्हरांड्यातून आई बघत होत्या. क्लास सुटल्यावर म्हणाल्या, "घरी काहीच केलं नव्हतं हो यानं, शुक्रवारी नुसतं क्रिकेट खेळत होता." मग छत्री उघडता उघडता विचारलं, "उद्या काय करू दे टीचर?"

"उद्या रविवार," मी म्हटलं. "झोपू दे."