दाराबाहेरचा उमेदवार : काँग्रेसचे अध्यक्षपद, टिळक आणि मध्यप्रांत

भिलाईचे सेक्टर २ आज ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९०६ मध्ये रायपूर आणि बिलासपूर या जिल्ह्यांचे काही भाग वेगळे काढून निर्माण करण्यात आला. त्या वेळी पोलादनगरी अस्तित्वात नव्हती. हा सारा मुलूख मध्यप्रांतात मोडत असे आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे १९०७ मध्ये नागपुरात काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून जो वाद पेटला, तो या प्रदेशाच्या दृष्टीने परमुलखातला नव्हता; स्वतःच्या राजधानीतला होता. पक्षाच्या नेतृत्वमंडळाबाहेरचा उमेदवार अध्यक्षीय निवडीवर कोणता परिणाम घडवू शकतो, या प्रश्नाचा विचार या उदाहरणाच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे ‘बाहेरचा’ या शब्दाचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. लोकमान्य टिळक काँग्रेसला नवखे नव्हते. परंतु अध्यक्ष कोण व्हावा हे ज्या वर्तुळात ठरत असे, त्या फिरोजशहा मेहता, गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या वर्तुळाबाहेर ते होते. शिवाय १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी कारावास भोगला होता. म्हणजे बाहेरचा उमेदवार हा पक्षाबाहेरचा असतोच असे नाही. निवड करणाऱ्या दालनाच्या दाराबाहेर तो उभा असतो, एवढेच पुरेसे आहे.

१९०६ च्या कलकत्ता अधिवेशनासाठी बिपिनचंद्र पाल आदी नव्या पक्षाच्या मंडळींनी टिळकांचे नाव पुढे केले. उघड विरोध करून टिळकांना पराभूत करण्याऐवजी मवाळ नेत्यांनी इंग्लंडमधून दादाभाई नौरोजींना पाचारण केले. ८१ वर्षांच्या त्या सर्वमान्य नेत्याविरुद्ध उभे राहणे कोणालाही शक्य नव्हते. टिळकांची उमेदवारी संपली. पण ती निष्फळ ठरली असे म्हणता येत नाही. याच अधिवेशनात अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला गेला आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे चार ठराव संमत झाले. व्यक्तीला दूर ठेवण्यासाठी तिच्या भूमिकेचा काही भाग स्वीकारावा लागला.

पुढील अधिवेशन नागपूरला व्हावयाचे होते. अध्यक्षाची निवड स्वागत समितीने करावी आणि त्यासाठी तीन-चतुर्थांश मते पडावीत, असा त्या वेळचा नियम होता. डॉ. बा. शि. मुंजे प्रभृती टिळकपक्षीयांचे नागपुरात बळ होते. मात्र एवढे मताधिक्य कोणत्याच बाजूला सहज मिळण्यासारखे नव्हते. सप्टेंबर १९०७ मधील स्वागत समितीची सभा गोंधळात संपली. नोव्हेंबरमध्ये मुंबईत अधिवेशनाचे ठिकाणच बदलण्यात आले आणि काँग्रेस नागपूरहून सुरतेला गेली. आधी व्यक्ती बदलली होती. आता स्थळ बदलले.

सुरतेस डॉ. रासबिहारी घोष यांची निवड झाली. नव्या पक्षाने लाला लजपत राय यांचे नाव सुचविले. परंतु त्यांनी स्वतःच नकार दिला. कलकत्त्याचे चार ठराव सौम्य केले जाणार नसतील, तर अध्यक्षाच्या निवडीस विरोध करणार नाही, अशी टिळकांची भूमिका होती. ही गोष्ट या संपूर्ण प्रकरणाची किल्ली आहे. त्यांच्या दृष्टीने अध्यक्षपद हे साध्य नसून ठरावांच्या रक्षणाचे साधन होते. तडजोड झाली नाही. २७ डिसेंबर १९०७ रोजी टिळक व्यासपीठावर चढले, मंडपात जोडा भिरकावला गेला आणि अधिवेशन उधळले. त्यानंतर १९०८ मध्ये मवाळांनी नवी घटना केली; तीत घालून दिलेल्या ध्येयाला लेखी मान्यता दिल्याशिवाय प्रतिनिधी होता येईना. व्यक्ती आणि स्थळ यांच्यानंतर आता नियमही बदलला.

या क्रमाची तुलना अमेरिकेतील १९६८ च्या घटनांशी करता येईल. तेथे पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार ठरविण्यासाठी राज्याराज्यांतून प्राथमिक निवडणुका होतात. न्यू हॅम्पशायर राज्यात सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध करून सुमारे ४२ टक्के मते मिळविली. विद्यमान अध्यक्ष जॉन्सन यांना त्यांच्याहून अधिक मते पडली, तरीही त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी माघार घेतली. उमेदवारी अखेर प्राथमिक निवडणुका न लढविणाऱ्या हंफ्री यांना मिळाली आणि त्यातून उठलेल्या असंतोषामुळे पक्षाला निवडीचे नियम बदलावे लागले. दोन्हीकडे बाहेरचा उमेदवार पदापासून दूर राहिला आणि दोन्हीकडे नियम बदलले. परंतु १९०८ मध्ये दार बंद करण्यासाठी, तर १९६८ नंतर ते उघडण्यासाठी. बाहेरचा उमेदवार बदल अटळ करतो. त्या बदलाची दिशा मात्र त्याच्या हाती नसते.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने या वादाची भाषिक बाजू अधिक उद्बोधक आहे. मातृभाषा मराठी असूनही हिंदी गद्याच्या घडणीत मोलाचा वाटा उचलणारे माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले होते. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला आणि टिळकांचा पक्ष हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविला. या स्थलांतरात शब्दांची रूपे बदलली. मराठीतले ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हिंदीत ‘गरम’ आणि ‘नरम’ झाले. बंगालीत ‘चरमपंथी’ आणि ‘नरमपंथी’. मराठी शब्द विषाच्या किंवा औषधाच्या तीव्रतेची आठवण देतो, हिंदी शब्द तापमानाची, तर बंगाली शब्द टोकाची. तापलेले निवू शकते. जहालपणा मात्र पदार्थाच्या स्वभावातच असतो. एकच राजकीय भेद तीन भाषांत तीन प्रकारे कल्पिला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सप्रे यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. क्षमायाचनेनंतर त्यांची सुटका झाली. पुढे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणण्याचे काम त्यांनीच केले. उमेदवार मागे पडला, तरी त्याचे प्रतिपादन अनुवादाच्या मार्गाने पुढे जात राहिले.

टिळक १९१६ च्या लखनौ अधिवेशनात काँग्रेसमध्ये परतले. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवडही झाली. पण चिरोल खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले होते, त्यामुळे ते स्थान मदनमोहन मालवीय यांनी भूषविले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, तेरा वर्षांपूर्वी हुकलेले अधिवेशन नागपुरात भरले आणि काँग्रेसने ‘स्वराज्य’ हे आपले ध्येय म्हणून घटनेत लिहिले.

याच नागपूर अधिवेशनात काँग्रेसच्या प्रांतांची रचना भाषेनुसार करण्यात आली. मराठी मध्यप्रांताचे केंद्र नागपूर आणि हिंदी मध्यप्रांताचे जबलपूर असे ठरून रायपूर-दुर्गचा प्रदेश पक्षाच्या नकाशावर नागपूरपासून तुटला. १९५६ मध्ये राज्याच्या नकाशावरही तेच घडले. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि मराठी कुटुंबे नोकरीसाठी येथे येऊ लागली होती. ज्या मुलखात सप्रे यांनी दोन भाषांच्या मधोमध उभे राहून काम केले, तेथे ही कुटुंबे परप्रांतीय म्हणून आली. ज्या शब्दासाठी टिळकांना दाराबाहेर ठेवले गेले, तो नागपुरात आत आला. त्याच बैठकीत येथील मराठी मात्र दाराबाहेर गेली. बाहेरच्या उमेदवाराचे यश मोजताना ही दुसरी बाजूही हिशेबात धरावी लागते.