मनोरंजन-उद्यानातील सहल आणि बालकांची दुपारची झोप

लहान मुलास घेऊन मोठ्या मनोरंजन-उद्यानाच्या सहलीस गेलेल्या कुटुंबाचा दिवस पुष्कळदा दुपारी एक ते तीन या वेळात बिघडतो. सकाळी लाकडी घोड्यांच्या चक्रावर हसतखेळत बसलेले मूल आता रांगेत उभे राहण्यास तयार नसते. हातातील खाऊ फेकून देते. क्षुल्लक कारणावरून रडकुंडीस येते. या वर्तनास हट्ट, अतिलाड किंवा शिस्तीचा अभाव अशी नावे दिली जातात आणि मग मुलास रागावणे ओघानेच येते. बालविकासाच्या दृष्टीने पाहता मात्र या किरकिरीचे कारण बहुधा स्वभावात नसून चुकलेल्या झोपेत असते. ही झोप सहलीच्या दिवसात कोठे व कशी बसवावी, याचा विचार येथे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ असलेल्या वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड या उद्यानसमूहाचे उदाहरण घेऊन केला आहे.

१. दुपारच्या झोपेचे स्वरूप

झोप केव्हा येते याची जी उपपत्ती आज सामान्यतः स्वीकारली जाते, ती अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडली. तिच्यानुसार झोपेवर दोन प्रेरणांचे नियंत्रण असते. पहिली प्रेरणा म्हणजे जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर साचत जाणारी झोपेची गरज. हिला निद्राभार म्हणता येईल. दुसरी प्रेरणा म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ; ते दिवसाच्या काही वेळी जागृतीस व काही वेळी झोपेस अनुकूल असते. निद्राभार झोपेने उतरतो, जैविक घड्याळ मात्र प्रकाश आणि दिनक्रम यांच्या आधारे आपल्या गतीने चालत राहते.

प्रौढ मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत हा भार सहज वाहू शकतो. लहान मुलाची स्थिती निराळी असते. त्याचा निद्राभार फार वेगाने वाढतो, आणि सकाळी सहा-सात वाजता उठलेल्या दोन वर्षांच्या मुलास दुपारपर्यंत तो असह्य होतो. दुपारची झोप ही त्याच्या बाबतीत चैन नव्हे. दिवसाचे दोन भाग करून प्रत्येक भाग पेलता येण्याजोगा करण्याची ती निसर्गाची व्यवस्था होय.

ही गरज वयानुसार कमी होते. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार, दुपारची झोप धरून एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप मिळावयास हवी. अनेक अभ्यासांचे एकत्र परीक्षण करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसून आले की, दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी दुपारची झोप सोडणारी मुले शेकडा अडीचहूनही कमी असतात. उलट पाचव्या वर्षापर्यंत शेकडा ९४ मुलांनी ती सोडलेली असते. म्हणजेच दोन ते पाच वर्षे हा संक्रमणाचा काळ होय. या काळातील मूल घरी एखादे दिवशी न झोपताही निभावून नेते आणि त्यामुळे ‘आता त्याला झोपेची गरज नाही’ असा समज होतो. उन्हात मैलोगणती हिंडण्याच्या दिवशी या समजाची परीक्षा होते.

२. झोप चुकल्याचे परिणाम

झोप चुकल्याने मूल केवळ थकते असे नाही. अडीच ते तीन वर्षांच्या दहा मुलांवर केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच मुलांना एकदा दुपारच्या झोपेनंतर व एकदा झोप चुकवून तुकडे जुळविण्याची कोडी देण्यात आली. त्यांपैकी काही सुटणारी होती, काही न सुटणारी. झोप चुकलेल्या दिवशी कोडे सुटल्याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसला, आणि न सुटणाऱ्या कोड्यापुढील त्रागा जवळजवळ तितक्याच प्रमाणात वाढला. प्रयोग लहान आहे हे खरे. पण त्यातील पहिला निष्कर्ष सहलीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. झोपेविना राहिलेले मूल अधिक रडते एवढेच नव्हे, तर ते आनंदाच्या गोष्टीनेही कमी आनंदित होते. ज्या आनंदासाठी एवढा प्रवास आणि खर्च केला, तो घेण्याची त्याची शक्तीच उणावलेली असते.

दुसरा परिणाम स्मृतीवरचा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये बालवाडीच्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ शिकविला. दुपारी झोपलेल्या मुलांना त्या जागा चांगल्या आठवल्या, जागी ठेवलेली मुले त्यांतील काही विसरली, आणि ही हानी पुढे रात्रीच्या झोपेनेही भरून निघाली नाही. ज्या मुलांना दुपारी झोपण्याची नित्य सवय होती, त्यांच्यात हा फरक सर्वांत अधिक आढळला. सकाळी पाहिलेले मनात राहावे असे वाटत असेल, तर दुपारी डोळे मिटणे हाही त्या पाहण्याचाच एक भाग समजावयास हवा.

३. उद्यानाची रचना आणि कुटुंबाचा हिशेब

अशा उद्यानांचा आद्य नमुना म्हणून कॅलिफोर्नियातील अ‍ॅनहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या डिझ्नीलँडचा उल्लेख करता येईल. फ्लॉरिडातील वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडम या उद्यानाने सुरू झाले. पुढे १९८२, १९८९ आणि १९९८ मध्ये आणखी तीन मोठी उद्याने त्यात जोडली गेली. प्रेक्षकाचे लक्ष सतत गुंतून राहावे हे या रचनेचे सूत्र आहे. संगीत, रंग, मिरवणुका आणि वळणावळणावर दिसणारे नवे दृश्य यांमुळे प्रौढांनाही वेळेचे भान राहत नाही. मग ज्याला आपल्या थकव्याचा अर्थ शब्दांत सांगता येत नाही, त्या मुलाची गोष्ट वेगळी काय सांगावी? पेंगुळलेले मूलही अशा उत्तेजनाने काही काळ ताजेतवाने दिसते. निद्राभार मात्र त्यामुळे उतरत नाही, तो केवळ झाकला जातो.

याच्या जोडीला पैशाचा हिशेब असतो. तिकीट दिवसाचे असल्यामुळे प्रत्येक तास वसूल करण्याची वृत्ती निर्माण होते आणि झोपेचे दोन तास तोट्याच्या बाजूस मांडले जातात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तीन वर्षांखालील मुलांना या उद्यानात तिकीट लागत नाही. म्हणजे ज्यांना दुपारची झोप निश्चितपणे हवी, त्यांचा प्रवेश विनामूल्य असतो. वसुलीचा आग्रह असतो तो मोठ्यांच्या तिकिटाचा, आणि त्याची भरपाई मुलाच्या झोपेतून केली जाते.

वस्तुतः हा हिशेबही चुकीचा आहे. दुपार ही उद्यानात सर्वांत गैरसोयीची वेळ असते. ऑर्लँडो येथे जुलै-ऑगस्टमध्ये कमाल तापमान सरासरी ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, हवा दमट असते, आणि दुपारनंतर विजांसह वादळी पाऊस वारंवार येतो. तेव्हा उघड्यावरील खेळ थांबविले जातात. उद्यान उघडताच रांगा सर्वांत लहान असतात आणि सायंकाळी ऊन उतरते. मधला काळ सोडल्याने होणारी हानी म्हणूनच थोडी असते. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येते, ही गोष्टही येथे साहाय्यक ठरते.

४. झोपेचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे निवासस्थानी परतणे. अंधाऱ्या, शांत खोलीतील सपाट बिछान्यावर मिळणारी झोप सर्वांत सलग व लांब असते. मात्र या मार्गाची किंमत अंतरावर अवलंबून असते. मॅजिक किंगडमचे वाहनतळ प्रवेशद्वारापासून सुमारे एक मैल दूर असून मध्ये तळे आहे. ते नावेने किंवा मोनोरेलने ओलांडावे लागते. बाहेर उतरलेल्या कुटुंबाचे जाण्यायेण्यातच दीड-दोन तास सहज मोडतात. उलट कंटेंपररी या विश्रामगृहापासून प्रवेशद्वार पायी सुमारे दहा मिनिटांवर आहे, आणि पॉलिनेशियन व ग्रँड फ्लॉरिडियन ही विश्रामगृहे मोनोरेलच्या मार्गावर आहेत. जवळचे निवासस्थान महाग असते हे उघड आहे. परंतु त्या जादा भाड्याचा विचार करताना ते दुपारच्या झोपेचेही मूल्य आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा मार्ग बाबागाडीतील झोपेचा. या उद्यानात ३१ इंच रुंद व ५२ इंच लांब या मर्यादेत बसणारी बाबागाडी नेता येते. पाठ मागे झुकणारी, वर छत्र असलेली गाडी येथे उपयोगी पडते. वर्दळीपासून दूर, सावलीची आणि ध्वनिक्षेपकापासून लांब असलेली जागा निवडून गाडी एकाच ठिकाणी उभी ठेवावी, किंवा संथपणे फिरवावी. गाडी रांगांत नेता येत नाही, म्हणून एका पालकाने मुलाजवळ थांबावे. अनेक खेळांसाठी आळीपाळीची सोय आहे. एक पालक जाऊन आला की दुसऱ्यास पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

या मार्गात दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. ऊन लागू नये म्हणून गाडी कोरड्या कापडाने सर्व बाजूंनी झाकण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण वारा अडून आतील तापमान बाहेरच्यापेक्षा वाढते. ओले पातळ कापड व लहान पंखा यांनी ते उतरू शकते, पण दमट हवेत पाणी सावकाश सुकत असल्याने त्याचा लाभ कमी मिळतो. म्हणून सावली आणि खेळती हवा यांवरच भिस्त ठेवावी. दुसरी गोष्ट तान्ह्या मुलांची. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२२ मधील सूचनांप्रमाणे बसत्या स्थितीची आसने व गाड्या नित्याच्या झोपेसाठी योग्य नाहीत. विशेषतः चार महिन्यांखालील बालकाची मान पुढे झुकून श्वासमार्ग अडण्याचा संभव असतो. असे बालक गाडीत झोपल्यास शक्य तितक्या लवकर त्यास सपाट जागी ठेवावे.

तिसरा मार्ग निवांत विश्रांतीचा. तो मुख्यतः चार-पाच वर्षांच्या, झोप जवळजवळ सोडलेल्या मुलांसाठी होय. वातानुकूलित प्रेक्षागृहातील संथ कार्यक्रम किंवा मॅजिक किंगडममधील पीपलमूव्हर या मंदगती वाहनाची सुमारे दहा मिनिटांची फेरी मुलास शांत करते. चारही उद्यानांत बालसंगोपन केंद्रे आहेत. तेथे स्तनपान, भरविणे व लंगोट बदलणे यांची सोय असते. मात्र मुलास सोपवून जाण्याची ती जागा नव्हे. अशी विश्रांती झोपेची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. म्हणून त्या दिवशी रात्रीची झोप लवकर सुरू करावी.

५. अर्धवट डुलकी आणि सायंकाळ

पालकांची सर्वांत मोठी निराशा परतीच्या वाटेवरील डुलकीने होते. मूल बसमध्ये दहा-पंधरा मिनिटे झोपते, खोलीवर पोहोचताच जागे होते, आणि मग काही केल्या झोपत नाही. याचे कारण वरील उपपत्तीतच आहे. त्या डुलकीने निद्राभार इतपतच उतरलेला असतो की पुन्हा झोप लागू नये. पण सायंकाळपर्यंत पुरावा इतका तो उतरलेला नसतो. म्हणून निवासस्थानी परतावयाचे असल्यास डोळे चोळणे, कान ओढणे ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून निघावे. नित्याच्या वेळेआधी तासभर निघणे बहुधा पुरेसे होते.

झोपेतून उठविण्याची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. दोन वर्षांनंतरच्या वयात दुपारी झोपणाऱ्या मुलांना रात्री उशिरा झोप लागते, असे २०१५ मधील एका आढाव्यात दिसून आले. रात्रीची आतषबाजी पाहावयाची असेल, तर या गुणधर्माचा उपयोग करून झोप थोडी उशिरा व लांब होऊ द्यावी. इतर दिवशी साडेतीन-चारपर्यंत मुलास उठवावे. तेजस्वी प्रकाशाचाही विचार करावयास हवा. बालवाडीच्या वयाच्या मुलांना झोपण्यापूर्वीच्या तासात प्रखर प्रकाशात ठेवले असता मेलाटोनिन या निद्रासूचक द्रव्याचे प्रमाण शेकडा ८८ ने घटले, आणि दिवे मंद केल्यावरही बराच वेळ ते पूर्ववत झाले नाही, असे २०१८ मधील एका प्रयोगात आढळले. आतषबाजीनंतर झगमगत्या दुकानांतून परतलेले मूल लागलीच झोपेल ही अपेक्षा म्हणूनच व्यर्थ होय. एक रात्र उशीर झाल्यास दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवणे इष्ट.

६. दूर देशांहून येणारी कुटुंबे

वेळेचा फरक असेल तेथे ‘दुपार’ या शब्दाचा अर्थच बदलतो. मुंबईहून उन्हाळ्यात ऑर्लँडोस गेलेल्या मुलाचा दुपारचा एक म्हणजे त्याच्या जैविक घड्याळातील रात्रीचे साडेदहा. त्यास त्या वेळी लागणारी झोप दुपारची नसून रात्रीची असते, आणि न उठविल्यास ती पाच-सहा तास चालते. पहिल्या काही दिवसांत अशी झोप दोन तासांच्या आत थांबवून मुलास उजेडात आणावे आणि उद्यानाचे तिकीट शक्यतो तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरचे घ्यावे. हाँगकाँगच्या डिझ्नीलँडमध्ये स्थिती उलट होते. तेथील दुपारचा एक हा मुंबईचा सकाळचा साडेदहा असल्याने मुलास झोप येतच नाही, ती तीन-साडेतीनला येते. तेव्हा झोपविण्याची घाई न करता दिनक्रमच पुढे सरकविणे सोपे जाते.

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, दुपारची झोप ही सहलीच्या दिवसातून वजा करावयाची रक्कम नव्हे. ती प्रथम निश्चित करावी आणि तिच्या दोन्ही बाजूंस खेळ, भोजन व दर्शने बसवावीत. यामुळे पाहावयाच्या स्थळांची यादी अर्ध्यावर आली तरी फारसे बिघडत नाही. तीन वर्षांच्या मुलास यादी ठाऊक नसते. लाकडी घोड्यावर दुसऱ्यांदा बसण्यात त्यास पूर्ण समाधान असते, मात्र त्या वेळी ते जागे आणि ताजे असावयास हवे.