'रन' या शब्दाचे विविध अर्थ

इंग्रजीतील 'रन' म्हणजे 'धावणे', एवढेच मुलांकडून पुष्कळदा पाठ करून घेतले जाते. परंतु हाच शब्द नदीविषयी आल्यास 'वाहणे', यंत्राविषयी 'चालणे', शाळेविषयी 'चालविणे', तर धुतलेल्या कापडाच्या रंगाविषयी 'पसरणे' असा अर्थ होतो. एकच अर्थ जाणणारा विद्यार्थी नदीला धावावयास लावतो आणि दोष त्याच्या बुद्धीस दिला जातो. वस्तुतः मराठीतही भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरीही लागते. 'लागणे'चे हे अर्थ मुलास कोणी घोकावयास लावीत नाही. ऐकलेल्या वाक्यांतून ते त्यास आपोआप उमगतात. सबब शिक्षकांनी इंग्रजी शब्द सुटा न शिकविता निरनिराळ्या वाक्यांत योजून दाखवावा आणि अर्थ प्रथम मुलांकडूनच काढून घ्यावा.