उन्हाळ्यांत अंडीं कशीं टिकवावीं?

चैत्राचा महिना होता. घरांत विषमज्वरांतून उठलेला मुलगा, म्हणून जवळच्या खेड्यांतून तीन डझन अंडीं एकदम मागविलीं. कवचांस माती लागली होती, तेव्हां मीं तीं माठाच्या गार पाण्यानें घासून धुतलीं व टोपलींत रचून ठेवलीं. कांहीं दिवसांनीं फोडलेल्या एका अंड्याच्या दुर्गंधीनें स्वयंपाकघर सोडावें लागलें आणि निम्मीं अंडीं उकिरड्यावर गेलीं. ऊन होतेंच, पण मुख्य चूक माझ्या धुण्याची होती.

श्रोतेहो, अंड्याचें कवच दिसतें तितकें बंद नसतें. त्यास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. अंडें बाहेर येतांना त्यावर एक ओलसर थर असतो. तो वाळून हीं छिद्रें झांकतो. धुण्यानें हा थर जातो. शिवाय पाणी अंड्याहून गार असलें, म्हणजे आंतील द्रव्य आकुंचन पावतें आणि बाहेरचें मळकें पाणी छिद्रांवाटे आंत ओढलें जातें. म्हणून सांठवणीचीं अंडीं धुवूं नयेत. माती कोरड्या फडक्यानें हलकेंच पुसावी, आणि फार माखलेलें अंडें त्याच दिवशीं शिजवून संपवावें.

याच छिद्रांतून पाण्याची वाफ व कर्बद्विप्राणिद वायु बाहेर जातो. वाफ गेली कीं जाड टोकाकडील हवेची पोकळी वाढते. शिळें अंडें पाण्यांत उभें राहतें किंवा तरंगतें तें यामुळेंच. वायु गेला कीं पांढरा बलक पातळ होतो व पिवळ्या बलकाचें आवरण सैल पडतें. तेव्हां टिकविण्याची सारी युक्ति म्हणजे छिद्रें बुजविणें.

त्यासाठीं आपल्या घरांतील उत्तम साधन म्हणजे चुन्याची निवळी. पाणी उकळून थंड करावें, त्यांत विझविलेला खाण्याचा चुना कालवावा आणि रात्रभर तसेंच ठेवावें. प्रमाणाची फार चिंता नको. एक लिटर पाण्यांत चुना दोन ग्रॅमही विरघळत नाहीं, बाकीचा तळाशीं बसतो. चिनी मातीच्या बरणींत ताजीं, न तडकलेलीं अंडीं जाड टोक वर करून ठेवावीं व त्यांवर चार बोटें निवळी ओतावी. वर पापुद्रा धरतो, तो मोडूं नये; त्यानें हवा अडते. थंड देशांत अशीं अंडीं कित्येक महिने ठेवीत असत. आपल्या उष्म्यांत तो हिशेब धरूं नये. तीन-चार आठवड्यांवर माझा तरी भरंवसा नाहीं.

महायुद्धांच्या काळीं ब्रिटनमधील घरांत याच कामीं सोडियम सिलिकेटचें पाणी वापरीत. पण चुना स्वस्त असतां त्याच्या मागें लागण्याचें कारण दिसत नाहीं. थोडींच अंडीं असल्यास तेलाचा हात फिरवावा, मात्र तीं घातल्याच्या दिवशींच, कारण वायु पहिल्या दिवसांतच अधिक निघून जातो. ओल्या वाळूंत बसविलेला माठ देशावरच्या कोरड्या हवेंत चांगला गारवा देतो. कोंकणांत दमट हवेमुळें त्याचा उपयोग थोडा. माठाची ओल मात्र अंड्यांस लागूं देऊं नये. मिळाल्यास कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांचीं अंडीं घ्यावीं. फलित अंड्यांत उन्हाळ्याच्या उष्णतेनें गर्भ वाढूं लागतो.

आतां एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. रोगग्रस्त कोंबडीच्या अंड्यांत सालमोनेला नांवाचे जंतु कवच बनण्यापूर्वींच शिरलेले असूं शकतात. तेथें चुना काय करणार? वासावरून किंवा पाण्यांत टाकून त्यांचा पत्ता लागत नाहीं, आणि उष्म्यांत ते झपाट्यानें वाढतात. अशक्त माणसास दुधांत कच्चें अंडें फेटून देण्याचा जुना प्रघात म्हणूनच सोडला पाहिजे. आमच्या मुलासही तेंच देण्याचा बेत होता! आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुलें यांस ताजेंच अंडें, दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवून द्यावें. सांठविलेलीं अंडींही इतरांनीं तशींच पुरतीं शिजवून खावीं.

बरणींतील प्रत्येक अंडें वेगळ्या वाटींत फोडून पाहावें, म्हणजे एका नासक्यानें सारें मिश्रण वायां जात नाहीं. आणि उकडावयाचें असेल तर आधीं जाड टोकास सुईनें एक बारीक भोंक पाडावें. छिद्रें चुन्यानें बुजल्यामुळें आंतील हवेस वाट मिळत नाहीं व अंडें पाण्यांतच फुटतें.