बाग राहो, गुडघेही राहोत

बँकेच्या नोकरीत बदली ही ठरलेलीच. रायपूर, हैदराबाद, नागपूर अशा प्रत्येक मुक्कामी माझ्या पत्नीने कुंड्यांतून छोटीशी बाग उभी केली आणि बदलीचा आदेश येताच ती शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून नव्या गावची वाट धरली. सेवानिवृत्तीनंतर आम्ही इंदूरला स्थायिक झालो, तेव्हा घरामागची २० बाय ३० फुटांची मोकळी जागा पाहून तिला झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही. सोडून जावी लागणार नाही अशी जमीन तिला प्रथमच लाभली होती. पाहता पाहता तेथे पारिजातक, मोगरा, जास्वंद रुजले; मेथी-कोथिंबिरीचे वाफे तयार झाले.

मी मात्र या बागेचा केवळ लाभार्थी होतो. एके दिवशी सवयीप्रमाणे महिन्याचा जमाखर्च लिहिताना औषधांच्या दुकानाच्या पावतीवर एका वेदनाशामक गोळीचे नाव दिसले. मागच्या चार महिन्यांच्या पावत्या काढून पाहिल्या. त्यांवरही तेच नाव. विचारले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “अहो, गुडघे दुखतात असे सांगितले असते, तर तुम्ही सगळ्यात आधी माझी बाग बंद केली असती.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी खरोखरच तेच केले असते.

त्याच आठवड्यात आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणी झाली, एक्स-रे काढला. झीज सुरू झाली होती, पण ती प्राथमिक अवस्थेतील होती. डॉक्टरांनी तिचा दिनक्रम बारकाईने विचारला. पहाटे पारिजातकाखाली उकिडवे बसून फुले वेचणे, नंतर तासभर खुरपणी, मग बादलीने पाणी, हे सारे ऐकून ते म्हणाले, “काकू, बाग सोडू नका, उकिडवे बसणे सोडा.” गोळ्यांबाबत मात्र त्यांनी स्पष्ट समज दिली. अशा गोळ्या सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो. आणि वेदना झाकली गेल्यामुळे माणूस सांध्यावर अधिकच भार टाकत राहतो.

गुडघा का दुखतो?

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी मिळून गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते आणि मधे अर्धचंद्राकृती अशा दोन गाद्या असतात. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते आणि हालचालीमुळे दाब कमी-अधिक होत राहिल्याने तो द्रव तिच्यात झिरपतो. म्हणूनच दुखणाऱ्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती देऊन खुर्चीत बसून राहणे हा उपाय नव्हे. बागेतील चालणे, उठणे, वळणे हे गुडघ्याला हवेच असते. नको असतो तो एकाच स्थितीतील दीर्घकाळचा दाब.

उकिडवे बसल्यावर हा दाब फार वाढतो. जिना चढताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार पडतो. खोल उकिडवे बसून उठताना तो त्याहूनही पुष्कळ अधिक असतो. बीजिंगमधील वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवे बसत असलेल्यांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण त्यात अधिक आढळले. गुडघे टेकून काम करण्याचा त्रास निराळा. वाटीच्या पुढे त्वचेखाली द्रवाची एक लहानशी पिशवी असते. कठीण जमिनीवर वारंवार गुडघे टेकल्याने ती सुजते. इंग्रजीत या दुखण्याला ‘मोलकरणीचा गुडघा’ असेच नाव पडले आहे. बागकाम करणाऱ्यांनाही ते सोडत नाही.

त्यातून माळव्याची काळी माती. पावसाळ्यात ती चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण बनते. अशा मातीतून तण उपटताना हातांचा जोर अपुरा पडतो आणि सगळा ताण कंबर व गुडघे यांवर येतो.

माती हाताशी आणावी

घरी परतल्यावर आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन बागेचा नव्याने आराखडा केला. सूत्र एकच ठेवले : गुडघे मातीपाशी नेण्याऐवजी माती हाताशी आणायची.

भाजीचे वाफे जमिनीवरून उचलले. विटांचे कठडे बांधून सुमारे अडीच फूट उंचीचे दोन वाफे केले. दोन्ही बाजूंनी हात पोहोचावा म्हणून त्यांची रुंदी चार फुटांपेक्षा अधिक ठेवली नाही. भिंतीलगतचा वाफा दोनच फुटांचा केला. तळाशी पाणी निघून जाण्यास वाट ठेवली आणि काळ्या मातीत शेणखत व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून ती हलकी केली. आता मेथी खुडणे उभ्यानेच होते. ज्यांची बाग गच्चीवर आहे त्यांनी असे वाफे बांधण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण भिजलेल्या मातीचे वजन अंदाजापेक्षा कितीतरी अधिक भरते. गच्चीवर व सज्जात लोखंडी घडवंचीवर ठेवलेल्या कुंड्या हा सोपा पर्याय आहे.

जमिनीवरचे काम पूर्णपणे टळत नाही. त्यासाठी गुडघ्याइतक्या उंचीचे, न डगमगणारे स्टूल घ्यावे, म्हणजे बसल्यावर गुडघा काटकोनापेक्षा अधिक वाकत नाही. खुरप्याला चार-पाच फुटांची बांबूची काठी घट्ट बसवली, तर पुष्कळशी खुरपणी उभ्याने करता येते. गुडघे टेकणे अपरिहार्य असेल तेव्हा खाली जाड फोमची गादी किंवा घडी केलेले गोणपाट घ्यावे, शक्यतो एकच गुडघा टेकावा आणि दर काही मिनिटांनी पाय बदलावा. उठताना एक पाऊल पुढे रोवून, दोन्ही हातांनी स्टुलाचा आधार घेऊन सावकाश उठावे. टेकलेल्या गुडघ्यावर भार ठेवून बाजूला वळू नये. लांबची कुंडी ओढण्याच्या मोहात सांधा पिळवटला जातो. गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी गुडघे टेकण्याविषयी आपल्या शल्यचिकित्सकांनाच विचारावे.

कामाची वेळ आणि क्रम यांनाही महत्त्व आहे. तण काढायचे त्याच्या आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी द्यावे; सकाळी तण मुळासकट सहज निघते. वाळलेल्या पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर झाडांच्या बुंध्याला अगदी न टेकवता पसरला, की तण कमी उगवते व ओलही टिकते. पूर्वी आमच्याकडे रविवारी सलग तीन तास बागकाम चाले. आता रोज अर्धा-पाऊण तास काम होते आणि त्यातही दर १५-२० मिनिटांनी काम बदलले जाते. थोडी छाटणी, थोडी खुरपणी, मग बागेतून एक फेरी. १० लिटरच्या बादलीत १० किलो पाणी असते, हे लक्षात आल्यावर बादलीची जागा रबरी नळीने घेतली आणि कुंड्यांना ठिबक संच बसवला. ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून घट्ट पकडीची पादत्राणे घेतली.

स्नायूंची पुंजी

सांध्याचा भार वाटून घेणारे खरे सोबती म्हणजे मांडीचे स्नायू. आमच्या फिजिओथेरपिस्टने शिकवलेला एक व्यायाम अगदी सोपा आहे. खुर्चीत ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडी आवळून पाच ते दहा सेकंद तसाच ठेवावा आणि हळूच खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. दुसरा उताणे झोपून करावयाचा. एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवावा आणि वीतभर उचलून धरावा. व्यायाम करताना दुखणे वाढल्यास थांबून तज्ज्ञांना विचारावे. बँकेतील आवर्ती ठेवीप्रमाणे यातही थोडे थोडे पण नेमाने भरावे लागते. एकदम मोठी रक्कम भरून येथे भागत नाही.

वजनाचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. जादा वजन असलेल्या आणि गुडघ्याचा संधिवात झालेल्या ज्येष्ठांचा एक अभ्यास अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाला. वजन एक किलोने कमी झाले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे त्यात दिसून आले. दिवसभरात आपण किती पावले टाकतो, याचा विचार केला की या चार किलोंचे मोल ध्यानात येते.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांवर सोडू नयेत. गुडघा एकाएकी सुजणे, लाल व गरम होणे, सोबत ताप येणे, सांधा मधेच अडकणे, चालताना गुडघ्याने दगा देणे, पडल्यानंतर पायावर भार न पेलवणे किंवा पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

या साऱ्याला आता दोन वर्षे होत आली. पत्नीचे गुडघे पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण सकाळी उठताना भिंतीचा आधार लागत नाही आणि औषधांच्या पावतीवर ते नावही दिसत नाही. मुख्य म्हणजे, आता दुखले तर ती सांगते.

पारिजातकाचा प्रश्न शेवटपर्यंत उरला होता. फुले जमिनीवरच पडणार आणि पूजेसाठी ती वेचायची तर वाकावे लागणारच. त्यावर तिनेच तोड काढली. बहराच्या दिवसांत संध्याकाळी आम्ही झाडाखाली एक जुनी सुती चादर अंथरतो. पहाटे तिची दोन टोके ती काठीच्या आकड्याने वर घेते, दोन मी उचलतो आणि मधे जमलेली फुले परडीत ओततो. पूर्वी या वेळी मी वर्तमानपत्र वाचत असे.