दिवसाची वीज आणि विहिरीचें पाणी

विहिरीवर मोट होती तेव्हां पाण्याच्या उपशास बैलांच्या दमाची मर्यादा होती. पुढें विजेचे पंप आले. त्यांस रात्रपाळीच्या विजेनें मर्यादा घातली. काळोखांत, साप-बिबट्यांचें भय बाळगून दारें धरण्याचे कष्ट आपल्या जिल्ह्यांतील बागाइतदारांस सांगावयास नकोत. ते आतां कमी होऊं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

राज्य सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली. तिच्या आरंभींच्या प्रयोगांसाठीं आपल्याच पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीची निवड झाली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीस दिवसा वीज द्यावी, अशी ही योजना आहे. पुढें २०२४ सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचें वीजबिल पांच वर्षें सरकारनें भरावें असें ठरलें. त्याच वर्षीं ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना निघाली. तींत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा; अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यांनीं विसावा. पंपाचें प्रमाण अडीच एकरांपर्यंत तीन, पांच एकरांपर्यंत पांच व त्यापुढें साडेसात अश्वशक्ति असें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पंपाची शक्ति जमिनीच्या क्षेत्रावरून ठरते, विहिरीच्या झऱ्यावरून नव्हे. चैत्र-वैशाखांत ऊन कडक, म्हणून सौरपंप जोमानें चालणार. आणि विहिरी तळ गांठतात त्याही त्याच महिन्यांत. बिल नाहीं व रात्रपाळीही नाहीं, मग हात आंवरणार कोण?

कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा असून तो २०१४ पासून अमलांत आला. शेतीसाठीं साठ मीटरांहून खोल विहीर पाडण्यास त्यांत प्रतिबंध आहे. परंतु प्रत्येक बांधावर सरकारी अंमलदार उभा राहूं शकत नाहीं. तें काम गांवानेंच केलें पाहिजे, आणि तें होऊं शकतें याचा पुरावा नगर तालुक्यांतील हिवरेबाजार येथें आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें त्या गांवानें शेतीसाठीं विंधनविहीर न घेण्याचा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. ऊंस व केळी यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें वर्ज्य केलीं. पावसाळा संपतांच पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचीं पिकें ठरविण्याची तेथील रीत आहे. त्या गांवचा पाऊस आपल्याहून अधिक नाहीं. हिशेब मात्र चोख आहे.

तेव्हां वाचकांस सुचवावयाचें तें इतकेंच. सौरपंपाचा अर्ज अवश्य करावा. पण त्यापूर्वीं वैशाखांत आपल्या विहिरीस किती तास पाणी टिकतें तें मोजून लिहून ठेवावें. पंपाबरोबर ठिबकाचीही तजवीज करावी. आणि दसऱ्याच्या सुमारास ग्रामसभेंत पाऊस, विहिरींची पातळी व पेऱ्याचें क्षेत्र यांचा मेळ घालून उपशाचे तास सर्वांनीं मिळून ठरवावे. शेजारच्या विहिरीचा झरा आणि आपला झरा बहुधा एकच असतो. म्हणून हा नियम एकट्यानें पाळून भागणार नाहीं.